नवव्या प्रश्नानंतर काय करायचं? आमच्या कॉलेजला एक खुलं पत्र

माननीय प्राचार्य, मानसशास्त्र विभागातील सर आणि मॅडम, संशोधन समितीचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात विभागाच्या फलकावर एक सूचना लागली. यापुढे तृतीय वर्षाचे संशोधन प्रकल्प फक्त ऑनलाइन प्रश्नावलीवर करायचे, प्रतिसाद कॉलेजमधल्याच विद्यार्थ्यांकडून घ्यायचे, गावात किंवा कुणाच्या घरी जाऊन मुलाखती घ्यायच्या नाहीत आणि ‘संवेदनशील विषय टाळावेत’. चार ओळी आणि खाली शिक्का. कारण दिलेलं नाही, पण ते सगळ्या वर्गाला माहीत आहे. कारण मी आहे.

याबद्दल केबिनमध्ये येऊन मी दोनदा बोलले. दोन्ही वेळा ‘बघूया’ म्हणालात आणि चहाही विचारलात, त्याबद्दल राग नाही. पण जूनमध्ये नवी मुलं विषय निवडायला बसतील आणि तोवर ‘बघूया’चंच ‘ठरलं’ होऊन जाईल. म्हणून हे जाहीर लिहिते आहे.

माझा प्रकल्प डिचोली तालुक्यातल्या एका गावात होता. गावाचं नाव लिहीत नाही, तेवढं वचन मी तिथल्या बायकांना दिलं आहे. ज्या घरांचे ट्रक खाणीवर चालायचे, त्या घरातल्या बायकांचं मन आज कसं आहे, एवढाच माझा प्रश्न. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ मध्येही एकदा थांबल्याच होत्या. त्यावर अर्थशास्त्राची मुलं प्रकल्प करतात, पर्यावरणाची करतात. ट्रक किती, कर्ज किती, खनिज किती. ज्या बाईनं बांगड्या सोसायटीत ठेवून ट्रकचा हप्ता भरला, ती रात्री झोपते का, हे मला विचारायचं होतं.

मी त्याच तालुक्यातली. माझ्या लहानपणी लाल धुळीमुळं आई कपडे घरात वाळत घालायची. मग खाणी बंद पडल्या, कपडे अंगणात आले आणि शेजारच्या काकांचं पिणं वाढलं. प्रकल्पाचा विषय मला पुस्तकात शोधावा लागला नाही.

प्रश्नावली विभागानंच सुचवली होती, नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. छोटी आहे, फुकट मिळते, जगभर वापरतात. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा. तो तिथं आहे हे आपल्यालाही माहीत होतं आणि मलाही. प्रस्ताव मंजूर करताना मला एकच विचारलं गेलं, नमुना किती, म्हणजे किती जणांना विचारणार? मी साठ म्हटलं. शंभर करा म्हणालात. मुदत सहा आठवडे.

पाचव्या आठवड्यात, एप्रिलातल्या एका दुपारी, मी ज्या घरी गेले तिथल्या काकी पडवीत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या. समोर सुपात त्यांची सोलं, अंगणात ताडपत्रीखाली ट्रक, त्याच्या पुढच्या चाकावर कसला तरी वेल चढलेला. (हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं आहे, आणि ओळख पटेल अशा दोन गोष्टी त्यांच्या सांगण्यावरून बदलल्या आहेत.)

माझ्याकडचं संमतीपत्र विभागाच्या ठरलेल्या नमुन्यातलं, इंग्रजी, दीड पानाचं. ते मी तोंडी मराठीत सांगत होते, मध्येच कोंकणीत. आमच्याकडे चूल कोंकणी आणि पोथी मराठी, दोन्ही एकाच घरात नांदतात. ‘व्हॉलंटरी’वर येऊन मी अडखळले. ‘ऐच्छिक’ म्हटलं तर त्यांना तो शाळेतला विषय वाटला. शेवटी म्हटलं, काकी, नको वाटलं तर मधेच उठून जा, मी रागावणार नाही. त्या हसल्या. घर त्यांचं, पडवी त्यांची, उठून जाणार कुठं? उठून जायचं असेल तर मी जायला हवं होतं. हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

पेन धरायला हात कोरडा नव्हता. त्यांनी अंगठा टेकवला तो भिरंडाच्या रसाचाच. तो कागद माझ्या फाइलीत आहे, डाग आता तपकिरी झालाय. अंगठा घेताना लिहिता-वाचता येणारा आणि प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार असावा लागतो, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी साक्षीला होत्या त्यांच्या जाऊबाई, दारात उभ्या, सगळं ऐकत.

“तूं वाच गो, हांव सांगता,” काकी म्हणाल्या. मी वाचत गेले. पहिल्या आठ प्रश्नांना त्या बाजारात भाव सांगावा तशी उत्तरं देत होत्या, हात चालूच. नववा वाचला तेव्हा सुरी थांबली. जाऊबाई पाणी आणायला आत गेल्या होत्या. काकींनी दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “थोडे दीस.” मग, “पूण भायर सांगूं नाका.”

माझ्या हातातल्या छापील कागदावर त्यापुढं एकच ओळ होती. सहभागाबद्दल धन्यवाद.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, कारण ते बरोबर होतं की चूक हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. भिरंडं फोडायला हात लावायच्या निमित्तानं मी बसून राहिले. विहिरीकडे जाऊन मार्गदर्शक मॅडमना फोन लावला, त्या परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होत्या, फोन बंद. विभागात लावला, नुसता वाजत राहिला. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मला पाठ होता, तोही दहा ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, त्याचं पोस्टर मीच रंगवलं होतं म्हणून. तो काकींना लिहून दिला. तुमच्या मुलीला सांगू का, असं विचारलं. आधी नको म्हणाल्या. दिवेलागणीला तुळशीकडे दिवा लावून आल्या आणि स्वतःच म्हणाल्या, सांग तिला. माझी शेवटची कदंब बस चुकली, बाबा स्कूटरनं न्यायला आले. पुढच्या आठवड्यात मुलगी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली आणि तिथून पुढचे उपचार सुरू झाले. मी आणखी थोडी शहाणी असते तर हे कदाचित अधिक नीट झालं असतं. थोडी घाबरट असते तर ‘थोडे दीस’च्या ‘१’ या आकड्याभोवती गोल करून दुसऱ्या घरी गेले असते. शंभर पुरे करायचे होते ना.

त्या दिवशीचं सगळं दुसऱ्याच दिवशी मी मॅडमना लेखी दिलं. त्यांनी ते वर पाठवलं. आणि वरून सूचना आली.

आता माझं म्हणणं.

या सूचनेनं नववा प्रश्न जात नाही, तो ऐकणारं माणूस तेवढं जातं. पीएचक्यू-९ उद्या गूगल फॉर्मवर गेली की आमच्याच हॉस्टेलवरची एखादी मुलगी रात्री दोन वाजता तिथं ‘जवळजवळ रोज’वर बोट ठेवेल. ते उत्तर तीन आठवड्यांनी एक्सेलच्या शीटमध्ये उतरेल, तिथं तिचं नाव नसेल आणि आम्ही त्या रकान्याची सरासरी काढू. काकींच्या पडवीत निदान मी होते. आणि नववा प्रश्नच गाळला, ‘संवेदनशील’ म्हणून, तर मानसशास्त्रात उरतं काय? ‘मोबाइलचा वापर आणि आत्मसन्मान’ हा विषय आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात किती वर्षांचा आहे ते एकदा उघडून बघा. दरवर्षी मुखपृष्ठाचा रंग बदलतो. शिवाय कॉलेजची मुलं म्हणजे सोपा नमुना, हाही गैरसमज. प्रथम वर्षातली काही मुलं अठराची नसतात, त्यांना आईवडिलांची संमती लागते. ती आजवर कुणी घेतलेली मी पाहिली नाही.

दुसरं. आपली ‘संशोधन समिती’ विषय मंजूर करते, पानांची संख्या ठरवते, स्पायरल की हार्ड बाइंडिंग तेही ठरवते. सहभागी माणसाला त्रास झाला तर काय, हे विचारणारं तिथं कुणी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत, विद्यार्थ्यांना त्यातून सूट नाही. त्यात सांगितलेल्या नैतिक समितीत सात ते पंधरा सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, एखादा सामान्य नागरिक असावा, असं तिथं स्पष्ट आहे. स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडून तपासून घेता येतं. म्हणजे ‘आपलं कॉलेज लहान आहे’ हे कारण चालणारं नाही.

भाषेचं वर थोडं आलंच. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं या राज्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामात जागा आहे. पंचायतीचा कागद मराठीत मिळू शकतो. ज्यावर माणूस आपलं मन उघडं करायची परवानगी देतो, तो कागद मात्र आपल्याकडे इंग्रजीतच. प्रश्नांची तीच गत. ‘फीलिंग डाउन’चं मी वहीत सहा तऱ्हांनी भाषांतर करून नेलं होतं, उदास, खिन्न, निराश वगैरे. मी भेटलेल्या एकतीसपैकी एकाही बाईनं यातला एकही शब्द वापरला नाही. ‘टेन्शन’ म्हणाल्या. ‘जीव रमत नाही’ म्हणाल्या. एक म्हणाली, ‘डोकं भरून आलंय.’ मी हे शब्द परिशिष्टात जोडले होते. तोंडी परीक्षेत ते पान काढून टाकायला सांगितलं, प्रमाणित चाचणीत अशी भर चालत नाही म्हणून. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पात ते एकच पान वाचण्यासारखं होतं.

आता ज्या गोष्टीबद्दल वर्गात सगळे बोलतात आणि केबिनमध्ये कुणी बोलत नाही, ती. हो, एकतीस. शंभर नाही. एका घरी दीड-दोन तास लागतात, बस दिवसातून मोजक्या, आणि काकींच्या घरानंतर मी आठवडाभर कुठंच गेले नाही. निकालात शेरा आला, ‘नमुना अपुरा’, आणि गुण कापले. कापा, तक्रार नाही. पण ज्यांचे शंभर भरले ते कसे भरले, हे विचारा ना एकदा. सबमिशनच्या आदल्या रात्री चार मैत्रिणी, चार मोबाइल, एक पिझ्झा. ‘तू जरा डिप्रेस्ड भर, मी नॉर्मल भरते, सगळे सारखे आले तर मॅडमना कळेल.’ हे मी ऐकीव सांगत नाही. दुसऱ्या वर्षी एका मैत्रिणीसाठी मी असे सहा फॉर्म भरले आहेत. एकदा पन्नाशीचा विवाहित पुरुष झाले होते आणि त्याच्या आत्मसन्मानाचे गुण छान आले होते. प्रत्येक प्रतिसादापुढं वेळ नोंदलेली असते, रात्री अकरा ते बारा या तासात चाळीस. तो रकाना कुणीही उघडून पाहू शकतं. कुणी पाहत नाही, कारण शंभर हा आकडा तेवढा पाहायचा असतो.

हे किरकोळ वाटत असेल तर २०११ सालचं नेदरलँड्समधलं प्रकरण आठवा. डीडरिक स्टापेल हे नावाजलेले सामाजिक मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं घरी बसून आकडे बनवत होते, आणि ते उघडकीला आणलं त्यांच्याच विभागातल्या तरुण संशोधकांनी. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा ठळक निष्कर्ष हाती आले. हे दोन्ही आपणच आम्हाला शिकवलंत, पाच गुणांचा प्रश्न म्हणून. आता चौथ्या वर्षाचा हिशोब पाहा. यूजीसीच्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. आपल्याकडे शंभर फॉर्म रात्रीत भरणाऱ्याचे गुण वाढतात, एकतीस घरं पायी फिरणारीचे कापले जातात. संशोधनाच्या वर्षात कोण पोचणार, हे आपणच ठरवून ठेवलंय.

फॉर्म भरण्याच्या बदल्यात हजेरी मिळते, तेही थोडक्यात सांगते. सीनियरचा फॉर्म भरला तर एका तासाची हजेरी, नाही भरला तर नाही. त्याच फॉर्मच्या वर लिहिलेलं असतं, आपला सहभाग ऐच्छिक आहे.

मार्गदर्शक मॅडमबद्दल मला काहीही म्हणायचं नाही, उलट म्हणायचंय ते त्यांच्या बाजूनं. एका माणसाकडे वीसच्या वर प्रकल्प, शिवाय कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फाइली. त्यांनी माझा फोन उचलला नाही हा त्यांचा दोष नव्हे. दुसरा कुठला नंबर मला दिलेला नव्हता, दोष तिथं आहे.

‘पदवीच्या मुलांना हे झेपत नाही’ असं केबिनमध्ये दुसऱ्यांदा ऐकलं, तेव्हा मला पहिल्या वर्षाची सहल आठवली. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया यांच्या पुतळ्याखाली आपण सगळ्यांनी फोटो काढला होता. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन म्हणाला की गुंगी आणणाऱ्याच्या हातात कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्याच मनात घडतं. पुतळ्यात मात्र तो हात उगारून उभा आणि बाई खाली कोसळलेली. फोटो काढताना मला ते भारी वाटलं होतं. आता तिथून बसनं जाताना मी बाईकडे बघते. आमची गोष्टही अशीच चालते, ‘संशोधक’ उभा आणि ‘नमुना’ आडवा.

आणि झेपण्याबद्दल म्हणाल तर हे याच गोव्यात करून दाखवलेलं आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगथ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात २४ आरोग्य केंद्रं आणि दवाखाने होते, आणि समुपदेशनाला बसली होती ती प्रशिक्षण दिलेली साधी माणसं, मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. २०१० मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांना शिकवलं गेलं, त्यांच्यामागे कुणीतरी उभं होतं, म्हणून जमलं. आम्हाला संख्याशास्त्राचे तास साठ मिळाले. समोरचं माणूस रडायला लागलं तर काय करायचं, याचा एकही नाही.

माझ्या मागण्या अशा.

१. ही सूचना मागे घ्या. मुलाखती आणि घरभेटी बंद करू नका, त्यांना नियम लावा.

२. नव्या सत्राआधी नैतिक समितीची सोय करा, स्वतःची किंवा दुसऱ्या संस्थेशी करार करून. तिच्या मंजुरीशिवाय एकही फॉर्म बाहेर जाऊ नये, ऑनलाइनही नाही. समितीत आमच्या गावांची बोली कळणारं एक तरी माणूस हवं.

३. संमतीपत्र मराठी आणि कोंकणीत, एका पानात. मी एक मसुदा केला आहे. त्यात ‘ऐच्छिक’ हा शब्द नाही. ‘नको वाटलं तर मला जायला सांगा’ असं वाक्य आहे.

४. धोक्याचं उत्तर आलं तर काय करायचं याचा एक कागद आणि दिवसभर उचलला जाईल असा एक फोन नंबर. त्याआधी ऐकण्याचं किमान दोन दिवसांचं प्रशिक्षण. हे झाल्याशिवाय कुणाला पीएचक्यू-९ हातात देऊ नका. मलाही द्यायला नको होती.

५. शंभरची अट काढा. गुण देताना कच्ची माहिती तपासा, वेळेच्या रकान्यासकट. माझा प्रकल्प पुन्हा तपासा असं मी म्हणत नाही. फक्त ते परिशिष्ट परत जोडू द्या.

६. हजेरीच्या बदल्यात फॉर्म हा प्रकार थांबवा.

पत्राखाली नाव लिहिलेलं नाही. आपल्याला ते माहीत आहे. गावात मात्र माझ्या नावावरून काकींच्या दारापर्यंत पोचायला कुणाला पाच मिनिटं लागणार नाहीत.

काकींना हे पत्र वाचून दाखवायला गेले तेव्हा सोलं डब्यात भरून झाली होती, त्यातली थोडी कागदात बांधून दिली. निघताना म्हणाल्या, तुझ्या कॉलेजान आमच्या जवाबांचें कितें केलें? मी म्हटलं, विचारून सांगते. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

आपली,
मानसशास्त्र, तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी
डिचोली